गोजराआजींच्या बागेतलं जाळं

माझी आई सायखेड्याच्या आठवडे बाजारात सुकट विकायला बसली म्हणून मी आज इथल्या शाळेत नववीत आहे. असं सांगितलं की मैत्रिणींना वाटतं मी थापा मारते. पण खरंच तसंच झालं.

आम्ही पालघरकडचे, समुद्रकाठचे. बाबांची छोटी होडी होती. मोठ्या बोटी पुढे जाऊन सगळं ओढून न्यायच्या आणि आमच्या जाळ्यात यायच्या जेलीफिश आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. शेवटी होडी किनाऱ्यावर उलटी करून ठेवली आणि आई सुकी मासळी घेऊन इकडच्या बाजारांत फिरायला लागली. तिथे तिला गोजराबाई भेटल्या. त्यांची गोदावरीच्या काठाला द्राक्षबाग. सुकट निवडता निवडता त्या कुरकुरत होत्या, की मण्यांत गोडी उतरली की पाखरं तुटून पडतात आणि विकतचं जाळं हंगामभरसुद्धा टिकत नाही. आईने लगेच सांगून टाकलं, की माझा नवरा झोपेतही जाळं विणतो.

अशा रीतीने जूनमध्ये आमचं बिऱ्हाड गोजराबाईंच्या बागेतल्या खोलीत आलं. ठरलं असं, की जाळं जमलं तर गोजराबाई आजूबाजूच्या बागायतदारांना सांगतील आणि बाबांना इथेच काम मिळत राहील. नाही जमलं तर बाबा परत जाऊन दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होणार, म्हणजे महिना महिना घरी नाही.

मला परत जायचं नव्हतं. खरं तर सुरुवातीला लगेच जायचं होतं, कारण मी वर्गात तोंड उघडलं की माझी बोली ऐकून सगळे हसायचे. गोजराआजींचा नातू ललित माझ्याच वर्गात. त्याने माझं नाव 'बंदर' पाडलं. तिकडच्या शाळेत माझी बडबड थांबवता थांबवता बाई दमायच्या आणि इथे मी हजेरीलासुद्धा हळू आवाजात 'हजर' म्हणायचे. पण मग घराबाहेर पडलं की समोर बाग, रोज संध्याकाळी बाबा घरात, आईचं हसणं. सवय लागली हो मला या सगळ्याची.

बाबांनी पावसाळाभर आणि दिवाळीतही जाळं विणलं. बारीक, पारदर्शक दोरा, लाकडी सुई आणि त्यांची भराभर चालणारी बोटं. मण्यांत गोडी उतरायला लागली तसं आम्ही सगळ्यांनी मिळून ते ओळींवर चढवलं. इतकं सुंदर, की लांबून दिसतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेची वेणी घालत होते, तेवढ्यात बाबांचा आवाज आला, "भरलंय गो, जाळं भरलंय."

आवाजात आनंद होता. होडीवरून ओरडायचे तसाच. मी अर्ध्या वेणीनिशी धावले. जाळ्यात साळुंक्या होत्या, बुलबुल होते, एक पोपट होता. माना अडकलेल्या, पंख फडफडतायत. एक चिमणी तर मेलीच होती. बाबांचा चेहरा क्षणात उतरला. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा कळलं.

गोजराआजी चिमणीकडे बघत उभ्या होत्या. त्या बाबांना म्हणाल्या, "भारतभाऊ, मला द्राक्षं राखायची व्हती. पाखरं धरायची नव्हती."

ललितने काहीतरी कालवणाचा विनोद केला. आजींनी नुसतं बघितलं, तो गप्प झाला.

बाबा एकेक पाखरू सोडवायला लागले. मासा सोडवतात तसं, जाळ्याला धक्का न लावता. पण पोपट फारच गुंतला होता, जितका सोडवावा तितका पीळ बसत होता. आमच्याकडे एका माशासाठी कुणी जाळ्याला पातं लावत नाही. बाबांनी तर कधीच नाही. त्यांनी माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, "बाय, कातर आण."

मी आणली. त्यांनी मधोमध कापलं. एवढ्या महिन्यांचं काम. पोपट त्यांच्या अंगठ्याला कडकडून चावला आणि उडून गेला.

मग आई खोलीकडे वळली. मला कळलं, ती सामान बांधायचा विचार करतेय. आणि तेव्हा माझं तोंड आपोआप उघडलं, आमच्या बंदरावरच्या बोलीतच. मी म्हटलं, "बाबा, लहानपणी तुमीच सांगितलंव ना, ताणलेल्या जाल्यावर मासा आपटतो नि पलतो, सैल सोडलं की गुततो. तुमी हे मासे धरायला सोडतात तसं सोडलंव. ताणा ना आता. आनि पाखरांना दिसूं दे."

ललित हसला नाही. कुणीच हसलं नाही. बाबा स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. म्हणाले, हात सवयीने सैल सोडतात, डोक्याला विचारत नाहीत.

आजी कापलेल्या भोकाकडे बघत होत्या. मग पदर खोचून म्हणाल्या, "उद्या सकाळपर्यंत बघू. ललित, तार घेऊन ये. आज शाळा नाय."

बाबांनी आधी कापलेलं भोक विणून सांधलं. मग दिवसभर आम्ही जाळं ताणत होतो, घडांपासून लांब, ढोलकीच्या कातड्यासारखं. आईने तिची जुनी लुगडी फाडली, लाल, हिरवी, पिवळी, आणि त्यांच्या चिंध्या जाळ्याला बांधल्या. बाग जत्रेसारखी दिसायला लागली. ललितने तीन वेळा बोटाला तार टोचून घेतली आणि मला विचारलं, की बंदरावर अजून काय काय असतं. मी सांगत सुटले.

दुसऱ्या सकाळी आम्ही सगळे, आजीसुद्धा, चहा न घेता बागेत. साळुंक्या वरच्या तारेवर रांगेत बसल्या होत्या आणि आमच्यावर जाम ओरडत होत्या. जाळ्यात एकही नव्हती. बाबा खालीच बसले, ओल्या मातीत.

आजींनी शेवटच्या ओळीतला एक वेल उघडाच ठेवायला सांगितला. पाखरांनी कुठं जावं, म्हणाल्या. दुपारी पलीकडच्या बागेचे खंडेरावकाका बघायला आले, ताणलेल्या जाळ्यावर चापट मारून बघितली आणि पुढच्या हंगामाला आपल्या बागेसाठीही जाळं हवं, असं बोलून गेले.

संध्याकाळी आईने घरातली सगळ्यात चांगली सुकट आजींकडे पाठवली. आजींनी परातभर द्राक्षं पाठवली. बाबांच्या अंगठ्यावर पोपटाची खूण अजून आहे. कुणी विचारलं तर ते सांगत नाहीत. मीच सांगते, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात.