रेणूंना वळण लावणारी

सरिता आठवते ती वैशाखातल्या पांढऱ्याफटक उन्हात, श्वास रोखून काचपट्टीवर झुकलेली. कपाळावर घामाचे मणी, आणि पात्याचा स्क्रू फिरवणारा हात मात्र वारा पडलेल्या तलावासारखा निश्चल. सावली गावाजवळच्या, तलावात मासेमारी करणाऱ्या घरातली ही मुलगी चंद्रपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत आली, आणि तिच्या हसण्याने त्या उदास खोलीत जणू खिडकी उघडली.

सेंद्रिय पदार्थाचं द्रावण पात्याने काचेवर पसरायचं, ते वाळून केसाहूनही पातळ थर उरायचा. त्यातले रेणू एका दिशेने मांडले गेले तर वीज विनाअडथळा धावणार, नाहीतर अडखळणार. आमचे रेणू दोन वर्षं आडवेतिडवेच पडत होते. सूक्ष्मदर्शकाखाली थर ठिगळाठिगळांचा दिसे. अखेर आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, "हा शेवटचा आठवडा, सरिता. मग विषय बदलू."

त्या दुपारी ती बराच वेळ ओल्या थराकडे टक लावून बसली.

"वाळता वाळता थरथरून राह्यलं हे," ती पुटपुटली. "वाऱ्यानं. फॅन बंद कर ना. कूलरबी."

"मरून जाऊ ना बाई इथी!" मी म्हणाले.

"नाई मरत. कर."

खोलीची भट्टी झाली. तिने नवी काच घेतली, स्क्रू कधी नव्हे इतका सावकाश फिरवला. द्रावण न थरथरता वाळलं. ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशात काच फिरवताच सबंध थर एकदम सोन्यासारखा उजळला. आणखी फिरवली, तर सबंध थर एकदम काळाभोर. एकही ठिगळ नाही!

"सारे एका अंगाले निजले वं!" ती ओरडली.

सरांनी आणखी तीन थर करवून घेतले. तिन्ही तसेच. वीजही आता त्या दिशेने सुसाट धावत होती. सर चष्मा पुसत राहिले. "आणि मी विषय बदलायला निघालो होतो," एवढंच म्हणाले.

तिने घरी फोन लावला. "बाबा, जमलं!"

"काय जमलं बाई?"

"रेणू सरळ झाले."

"बरं झालं. जेवली का तू?"

ती हसता हसता रडली.

आज ती दूरच्या शहरात स्वतःची प्रयोगशाळा चालवते. तिच्या स्टुलावर दुसरीच कुणी बसते. काळ माणसांना आपल्यातून अलगद उचलून नेतो, पण ज्या क्षणी ती सर्वांत उजळली, तो क्षण मात्र त्याला नेता येत नाही.