सुरा, रिव्हॉल्व्हर आणि ओपलचा नवरदेव

थर्मन लेडबेटरचे दोन्ही हात कोपरापर्यंत तान्ह्या पोरासारखे गुळगुळीत होते. सुऱ्याला धार लावली की ती हातावरचे केस उतरवून बघायची, ही आमच्या आर्कान्साच्या डोंगरातली रीतच. पण बाकीच्यांकडे सुरा एक, थर्मनकडे खोलीभर. केसांना उगवायला सवडच मिळत नसे.

त्याच्या आवडी पक्क्या. रानात न्यायच्या सुऱ्याचं पातं वीतभर हवं आणि करंगळीएवढं जाड. पोलाद टोकापासून मुठीच्या बुडापर्यंत एकसंध. मूठ मागाहून ठोकलेली दिसली की म्हणे, "हे पावाला लोणी लावायला ठेवा." न गंजणारं पोलाद त्याला चालत नसे. "जे गंजत नाही ते कधी जिवंतच नव्हतं."

त्याचा दोस्त डेल्मर स्कॅग्ज तसाच, फक्त रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत. सहा बारांचं, चार इंची नळीचं. त्याहून लांब नळी बसताना मांडीत रुतते, आखूड असली तर गोळी कुठेही जाते. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाचं नाव काढलं की तो थुंकायचा. "खेचरासारखं असतं ते. नेमकं ओढ्याच्या मध्यावर अडतं."

आता ओपल टॅकेटचं सांगतो. जनावरांच्या खाद्याचं दुकान चालवणारी ही विधवा थर्मनशी लग्नाला तयार झाली होती. दोनदा तारीख ठरली आणि दोनदा थर्मन भट्टीपाशी पोलाद तापवत राहिला. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "बाराची घंटा व्हायच्या आत तू चर्चच्या दारात नसलास, तर या लग्नाच्या झग्याचे मी दुकानाला पडदे शिवीन." ओपल शिवणकामात तरबेज होती. थर्मन घाबरला.

लग्नाच्या सकाळी तो आणि पाठराखा डेल्मर ओकच्या रानातून चर्चकडे निघाले. थर्मनच्या कमरेला नवाकोरा सुरा.

"एवढं एक झुडूप तोडून बघतो," थर्मन म्हणाला.

त्या झुडपामागे रानडुक्कर निजलं होतं. केवढं म्हणाल, तर त्याची सावली पडली की कोंबड्या सांज झाली समजून खुराड्यात जात. ते उठलं आणि आमचे दोघे वीर ओकवर चढले. डुकरानं बुंध्याशी बैठक मारली.

"घाल गोळी," थर्मन म्हणाला.

"कशाला? हे जीव वाचवायचं हत्यार आहे. ते कुठे अंगावर येतंय? बसलंय बिचारं."

"लेका, माझं लग्न आहे आज."

"मग कबूल कर. अडीनडीला रिव्हॉल्व्हरच खरं. सुरा म्हणजे बटाटे सोलायला."

"त्यापेक्षा इथंच म्हातारा होईन."

"झालायस की."

वाद रंगला. डुक्कर खालून ऐकत होतं. रिव्हॉल्व्हरच्या मुद्द्यांना ते मान डोलवत होतं, असं डेल्मर सांगतो. थर्मन म्हणतो, माश्या वारत होतं. मी दोघांवरही विश्वास ठेवतो.

ऊन डोक्यावर आलं तसे थर्मनच्या डोळ्यांपुढे पडदे हलू लागले. तो पुटपुटला, "बरं. रिव्हॉल्व्हर श्रेष्ठ."

"ऐकू नाही आलं."

"रिव्हॉल्व्हर श्रेष्ठ, आणि मी गाढव. आता घाल गोळी."

डेल्मर कानामागे खाजवत राहिला. "काडतुसं घरी आहेत. भरलेलं हत्यार चर्चमध्ये दिसलं तर दोघांनाही केक नाही, म्हणालीय ओपल."

"मग मघापासून काय चाललं होतं?"

"मला वाटलं, तू कबूल करणारच नाहीस."

थर्मननं त्याच्याकडे पाहणंच सोडलं. सुरा उपसला आणि डोक्यावरची मांडीएवढी फांदी सपासप तोडली. फांदी नेमकी डुकराच्या कपाळावर बसली. ते चारी पाय पसरून आडवं झालं. दोघांनी उड्या टाकल्या.

"पळ," डेल्मर म्हणाला.

"थांब जरा. एवढं लाकूड तोडलं, धार राहिली का ते तरी बघू."

हातावर धार बघायला तिथं आमच्याकडचा कुणीही थांबला असता. पण थर्मनच्या हातांवर केस होते कुठे? "तुझा हात दे," तो म्हणाला. डेल्मरनं दोन्ही हात खिशात घातले. तेव्हा थर्मननं लग्नासाठी मेण लावून पीळ दिलेल्या आपल्याच मिशीला सुरा लावला. एका फटक्यात उजवी बाजू साफ.

"धरलीय धार," तो समाधानानं म्हणाला. डुकरानं एक डोळा उघडला.

मी लग्नात वाजवायला फिडल घेऊन चर्चच्या पायरीवर बसलो होतो. पाद्री ब्रदर ह्युलेटचा हात घंटेच्या दोरीवर होता. तेवढ्यात डेल्मर आला, त्याच्यामागे थर्मन, त्याच्यामागे धुळीचा लोट. मागे डुक्कर नसतं, तर थर्मनची तिसरी तारीखही हुकली असती. मी त्यांच्यामागून आत शिरलो आणि ओपलनं दार डुकराच्या नाकावर आपटलं. वर घंटा वाजली.

ओपल नवऱ्याकडे बघत राहिली. "मिशीचं काय झालं?"

"धार बघत होतो."

"डुक्कर मागं लागलेलं असताना?"

"नाही गं, तेव्हा ते निपचित पडलं होतं."

तिनं हात पुढे केला. "आण तो सुरा."

ब्रदर ह्युलेटनं डोळे मिटले. ओपलनं थर्मनची हनुवटी धरली, उरलेली मिशी एका झटक्यात उतरवली आणि पातं त्याच्या कोटाच्या बाहीला पुसून नखावर घासून पाहिलं.

"चांगलीय की धार," ती म्हणाली. "हं, ब्रदर, करा सुरू."

ब्रदर ह्युलेटनं अजून पुस्तक उघडलंही नव्हतं, तोवर थर्मन 'हो' म्हणून मोकळा झाला होता.