कोकमाच्या पाण्यात उकळलेली कवळी

मी एक जुनी कवळी आहे, मित्रांनो. वरची. खालचे दात धोंडूआजोबांचे स्वतःचे आहेत, त्यामुळे ते जरा तोऱ्यात असतात.

माझा जन्म मुलुंडचा. डॉक्टर चेतनाताईंनी आजोबांच्या टाळूचं माप घेतलं. मग पावडर आणि उग्र वासाचं द्रव कालवून, साच्यात आवळून मला गरम पाण्यात शिजवलं. मी जन्मले ती दातांसकट, पण कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही.

तिथून मी भांडुपला आजोबांच्या तोंडी राहायला गेले. दात पडल्यापासून त्यांनी गाऱ्हाणं घालणं सोडलं होतं. गाऱ्हाणं म्हणजे घरातल्या शुभकार्यात मोठ्या माणसाने देवाला मोठ्याने सगळं सांगायचं आणि बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. मी आले आणि आजोबा पुन्हा सुरू झाले. त्यांनी मला किती दिलं म्हणून सांगू! बांगड्याचं तिखलं दिलं, सोलकढी दिली, दिवसभर कढत चहा दिला. मी कृतज्ञतेने सगळं थोडं थोडं शोषून घेतलं आणि पिवळी पडले.

नात अक्षता, तिचा साखरपुडा घरीच ठरला होता. नातीचं गाऱ्हाणं मीच घालणार, असं आजोबा ती पाळण्यात असल्यापासून सांगत होते. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी जानकीआजी समई आणि ताम्हण कोकम घातलेल्या उकळत्या पाण्यात टाकून चकचकीत करत होत्या. तेवढ्यात त्यांची नजर वाटीत ठेवलेल्या माझ्यावर पडली.

"उद्या फोटो काढतले. पिवळे दात घेवन बसतालात?" असं म्हणून त्यांनी मला समईशेजारी सोडलं. समई उजळली. मी वाकले.

आजोबांनी मला तोंडात घातलं. मी एका बाजूने टेकले, तर दुसऱ्या बाजूने उठले.

"गो, ह्यां काय केलंस? कवळी म्हणजे काय समई?"

"समईक काय झाला नाय," आजी म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा माझ्याहून वाकडा झाला होता.

दोघं मला घेऊन मुलुंडला धावले.

"आजी, कवळी उकळलीत?" चेतनाताईंनी विचारलं.

"तुम्ही पण शिजवूनच बनवलीत ना?" आजी म्हणाल्या.

"तेव्हा ती साच्यात आवळून धरलेली होती. मोकळी असताना कढत पाण्यात टाकली की वाकते. कवळी पाणी पिते आजी, रोज थोडं थोडं. त्याने किंचित फुगते, नरम पडते. चहाने डागाळते, आंबट पेयांनी खरखरीत होते आणि दारूने तिला बारीक तडे जातात."

दारूचं नाव निघताच आजोबा पंख्याकडे बघू लागले. आजी आजोबांकडे बघू लागल्या.

"उद्याचा गाऱ्हाणा होईत ना गो बाय?" आजोबांनी हळूच विचारलं.

"आतून मऊ अस्तर लावून देते. तात्पुरतं आहे. फार तोंड उघडू नका."

गाऱ्हाणं घालणाऱ्याला हे सांगणं म्हणजे बॅट्समनला बॅट हलवू नकोस म्हणण्यासारखं होतं. तरी आजोबा "होय" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आजी चहा बशीत ओतून, फुंकून गार करून मग त्यांना देत होत्या. पाहुणे जमले. आजोबा देवासमोर उभे राहिले. मी जिवाच्या आकांताने टाळूला चिकटले.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज आमच्या अक्षताचो साखरपुडो हा रे म्हाराजा!"

त्या 'रे'ला आजोबांनी जीव ओतला आणि मी सुटले. थेट ताम्हणात, विड्याशेजारी पडले. टण्ण असा आवाज झाला.

नवऱ्या मुलाचे मामा विद्याधर यांनी माझ्याकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं आणि घसा खाकरून मोठ्याने म्हणाले, "होय म्हाराजा!"

मग सगळेच म्हणाले.

आजोबा थांबले नाहीत. शब्द पोकळ येत होते, तरी प्रत्येकाला कळत होते. "दोनय घरांचा बरा कर रे म्हाराजा! आणि आमच्या जानकीच्या हातून काय चुकला असात, तर ता मायेन केलेला हा, पदरात घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज अक्षताचा होता. आजी पदराने डोळे पुसत होत्या.

इतकी वर्षं मी प्रत्येक गाऱ्हाणं आतून ऐकलं होतं. जन्मात पहिल्यांदा बाहेरून ऐकलं. आजोबा फार छान बोलतात हो.

आता त्यांना नवी कवळी आली आहे. मी गार पाण्याच्या वाटीत निवांत असते आणि आजी रोज न विसरता पाणी बदलतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या पेल्यात माझी कुणी बहीण असेल. तिला साध्या गार पाण्यात ठेवा, मऊ ब्रशने घासा. चहा, सरबत झालं की चूळ भरायची आठवण आजीआजोबांना करा. कढत पाण्यात मात्र टाकू नका. आम्हांला वाकायला वेळ लागत नाही. आणि तोंडातून पडल्यावर "होय म्हाराजा" म्हणणारी माणसं सगळ्याच कवळ्यांना मिळतात असं नाही.