सकाळ कुणाला शोभते

सेंटच्या काउंटरवरच्या वहिनींचं नाक गेलं, ही गोष्ट तीन महिने कुणालाच कळली नव्हती. निदान वहिनींची तशी समजूत होती. ताप आला, उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. चहा नुसता गरम लागू लागला, साबणाचा नुसता फेस उरला. डॉक्टर म्हणाले, वास परत येईलही, किंवा येणारही नाही. एवढं तर वहिनींनाही सांगता आलं असतं.

दुकानात त्यांना सगळेच वहिनी म्हणत, कारण त्यांची थोरली नणंद शेजारच्याच टेबलावर वस्तू बांधून द्यायची आणि ती त्यांना वहिनी म्हणायची. वहिनींचं काम मात्र नाकाचं. गिऱ्हाइकाला दाखवायच्या चाळीस बाटल्या, सगळ्या एकाच घाटाच्या साध्या काचेच्या. खालची चिठ्ठी रोज स्पिरिटने पुसताना निघून जाई, म्हणून रोज सकाळी एकेक हुंगून आपापल्या खणात लावायची. चौदा वर्षं वहिनींनी ते डोळे मिटून केलं होतं. आता त्या पाण्याचा रंग बघून अंदाजपंचे लावत होत्या. सांगितलं तर काउंटर जाणार, तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्यात वन्संचा ताप वेगळा. नाकावर माशी बसू न देणारी बाई, जिभेला धार. वहिनींना प्रत्येक माणसाला मनातल्या मनात एक सेंट देऊन टाकायची खोड होती, आणि वन्संना त्यांनी कधीच लवंग-मिरीचा देऊन टाकला होता, दुरूनच ठसका लागणारा. हल्ली तर बाटल्या लावून वहिनी दुकानाचे कपडे घालून येईपर्यंत वन्संचे हात बाटल्यांत असत. विचारलं तर म्हणत, धूळ होती. वहिनींनी नवऱ्याकडे तक्रार केली, की तुमच्या बहिणीला माझ्या कामात नाक खुपसल्याशिवाय चैन पडत नाही. बहीण आणि बायको एका वाक्यात आल्या की त्या गृहस्थाला ऐकू येत नसे.

मग एके दिवशी वन्संनी दाढ काढायला रजा घेतली. दुपारी एक नर्स आली. वास जड नको, पेशंटना मळमळतं, म्हणाली. वहिनींनी तिची आखूड नखं पाहिली, मागून आलेल्या म्हातारीला तिने न बोलता करून दिलेली वाट पाहिली, आणि नवव्या खणातली बाटली उचलली. तिला दुकानात सगळे ‘सकाळ’ म्हणत. पांढरी फुलं, ओली पानं, वर जरासं हिरवं पेअरचं फळ.

“ही मिरवणारीची नाही,” वहिनी कागदाच्या पट्टीवर फवारा मारत म्हणाल्या. “ही आपलं काम करून बाजूला होणारीची. ती असते तेव्हा जाणवत नाही, पण एक दिवस नसली की सगळ्यांना कळतं.”

नर्सने पट्टी नाकाशी नेली आणि संकोचून म्हणाली, “बाई, मला तर नव्या बुटांचा वास येतोय.”

मॅनेजर मागेच उभे होते. चार बाटल्या हुंगून त्यांनी खरी ‘सकाळ’ शोधून दिली. नर्स गेल्यावर म्हणाले, उद्या दुकान उघडण्याआधी सगळ्या बाटल्या माझ्यासमोर लावून दाखवा.

संध्याकाळी त्या वन्संकडे गेल्या, निमित्त दाढेचं. सुजलेला गाल बघून विचारपूस करायची, तर स्वतःच रडू लागल्या आणि सगळं सांगून बसल्या.

“मला पहिल्याच आठवड्यात कळलं,” वन्सं गालावरचा बर्फ न काढता म्हणाल्या. “तुझ्याकडे दूध करपत होतं आणि तू शेजारी उभी राहून खुशाल भाजी चिरत होतीस. रोज तू कपडे बदलायला गेलीस की मी बाटल्या नीट लावायचे.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू सांगितलं नाहीस. मग मला कळलंय हे कशाला दाखवू?”

तीन महिने त्या या बाईला पाण्यात पाहत होत्या. वन्संनी लगेच उपायही सांगितला: पहाटे जाऊन प्रत्येक बाटलीच्या गळ्याला रंगीत दोरा बांधते, रंग आणि गाठींवरून खण ओळख, कुणाला कळायचं नाही.

सकाळी दोरे जागच्या जागी होते, वन्सं आपल्या टेबलापाशी आणि मॅनेजर समोर. वहिनींनी पहिली बाटली उचलली, दोऱ्यावरून बोट फिरवलं आणि खाली ठेवली. आपल्यापायी वन्संनी चोर ठरावं, हे त्यांना सोसवेना. मॅनेजरना त्यांनी सगळं सांगून टाकलं, दोऱ्यांसकट, आणि दोष आपला एकटीचा म्हणाल्या.

मॅनेजरनी एक दोरा बोटाने वर करून पाहिला. मग त्यांनी विचारलं, की तीन महिन्यांत पसंत पडली नाही म्हणून बाटली बदलायला कुणी आलं का? कुणीच आलं नव्हतं. कुणाला काय शोभेल ते वहिनींनी माणसं बघूनच सांगितलं होतं. मॅनेजर वन्संना म्हणाले, तुमचं टेबल इकडे ओढून घ्या. बाटल्या यापुढे उघडपणे तुम्ही लावायच्या, गिऱ्हाईक यांनी बघायचं. आणि ते दोरे काढा, वाईट दिसतात.

ते गेल्यावर वहिनींनी नवव्या खणाचा दोरा बघून ‘सकाळ’ची बाटली काढली आणि वन्संचा हात ओढला. वन्सं म्हणाल्या, मला असले थेर नकोत. वहिनींनी ऐकलं नाही. मनगटावर फवारा मारला आणि विचारलं, कसा आहे?

वन्संनी हुंगलं. नेहमीसारखं काही टोचून बोलतील असं वाटलं होतं. “चांगला आहे,” एवढंच म्हणाल्या. “पण हा मला कसला शोभतोय.”

“तुम्हालाच शोभतो, वन्सं,” वहिनी म्हणाल्या. “इतकी वर्षं मीच चुकीचा दिला होता.”

सवयीने त्यांनी ते मनगट आपल्या नाकाशी नेलं. वास काहीच आला नाही. तरी दुकानाचं दार उघडेपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही.