ऐकणारा नट

"म्हण रे टिब, एकच तर वाक्य आहे!" दिग्दर्शक क्लेबर्न ध्वनिमुद्रणाच्या खोलीतून, काचेआडून ओरडला.

लॉरिन टिबेट्सने डोक्यावर टांगलेल्या मायक्रोफोनकडे पाहिलं. बावीस वर्षं तो हॉलिवूडच्या विनोदी मूकपटांतून पडत आला होता. जिन्यावरून, खेचरावरून, रंगाच्या पिंपात. त्याच्या लोंबत्या मिशा दिसल्या की प्रेक्षक आधीच हसू लागत. बोलायची वेळ कधी आलीच नव्हती. आता एकोणीसशे एकोणतीस साल होतं आणि पडदा बोलू लागला होता.

"स-स-सामान व-वर..."

काचेआड हशा पिकला. क्लेबर्न धावतच बाहेर आला. "अरे, सोनं आहे हे! असाच प्रत्येक वाक्याला अडखळ. लोक पोट धरून हसतील."

टिबेट्सने घाम पुसला. "प-पडायला सांगा, वीसदा पडतो. ते माझ्या म-मर्जीने पडतो. हे माझ्या मर्जीचं नाही."

"मग घरी बसावं लागेल, बाबा."

"ब-बसेन."

घरी त्याची बायको हॅटी मक्याचा पाव कापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बरं केलंस. ज्या तोतरेपणापायी शाळेत छड्या खाल्ल्यास, त्याचाच तमाशा मांडायचा?" मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "पण उद्या जा. बोलणार नाही म्हणालास, काम करणार नाही असं कुठे म्हणालास?"

तो गेला. क्लेबर्नने कपाळाला आठ्या घातल्या, पण हॉटेलच्या प्रसंगात मागे सामान धरून उभा राहायला हमाल हवाच होता.

न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून आणलेले नायक-नायिका फुलदाणीत लपवलेल्या मायक्रोफोनला चिकटून बोलत होते. नायक श्रीमंतीच्या थापा मारत होता. मागे सहा बॅगा घेतलेला टिबेट्स नुसता ऐकत होता. पहिल्या थापेला त्याची भुवई वर गेली. दुसरीला एक बॅग हळूच घसरली. नायक "माझ्या तेलाच्या विहिरी" म्हणाला, तेव्हा टिबेट्स उरलेल्या बॅगा खाली ठेवून सावकाश शेजारच्या ट्रंकेवर बसला आणि त्याने अदबीने टोपी काढली.

दिवेवाला फसकन हसला. चित्रण वाया गेलं.

"कोण हसलं रे? आवाज रेकॉर्ड होतोय इथे!"

दुसऱ्यांदा नायिकाच हसली. तिसऱ्यांदा खुद्द क्लेबर्न.

"बोलणारे दोन-दोन आणले मी न्यूयॉर्कहून," तो डोळे पुसत म्हणाला. "आणि ऐकणाऱ्याला घरी पाठवत होतो! टिब, माझं चुकलं रे."

तीन आठवड्यांनी पुढच्या चित्रपटाची संहिता घरी आली. हॅटीने पानं उलटली. टिबेट्सला आठ प्रसंग होते. प्रत्येक ठिकाणी त्याच्या नावापुढे एकच शब्द होता: 'ऐकतो.'

"एवढंच?" ती म्हणाली.

"ए-एवढं!" तो म्हणाला. त्याने पेन्सिलीला टोक काढलं आणि पहिल्या 'ऐकतो'शेजारी, कसं ऐकायचं ते बारीक अक्षरात लिहायला घेतलं. समास पुरला नाही, तेव्हा त्याने पान उलटलं.