डाव्या अंगाचा डाग

बंदूक कोरी होती, नुसता डाग होता. दुकानदाराने ती काउंटरवर ठेवली आणि आमच्या ह्यांचा चेहरा असा काही उजळला, की मी तिथेच कपाळाला हात लावला. मी सोबत आले होते ते नवी बंदूक आपल्याला झेपणार नाही, एवढं दुकानदाराच्या तोंडून ऐकायला.

हे बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहतात. बावीस वर्षं झाली. बंदूक ज्याची त्याने आणायची, असा त्यांच्या कंपनीचा नियम. बंदूक असेल त्याला दार, नसेल त्याला काठी आणि मागे गाड्या लावतात ती जागा. जुन्या दुनळीचा घोडा अडकायला लागला, तपासणीत ती बाद झाली, आणि मी मनात म्हटलं, सुटलो. मुलगी तिच्या घरी सुखात आहे, माझी नोकरी चालू आहे, दोघांचं भागतं. आता ह्यांनी घरी बसावं, एवढंच माझं मागणं होतं. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही त्यांचा. सकाळी भांग मी पाडून देते. डॉक्टरांनी तर साफ सांगितलंय, ह्या खांद्यावर ओझं बंद. काठी घेऊन मागे उभे राहायचे नाहीत हे, मानी आहेत. म्हणजे बंदूक नाही तर नोकरी नाही, आपोआप मिटलं असतं सगळं. आणि हा दुकानदार डागी माल काढून बसला.

"आतून एकदम नवी आहे वहिनी," तो म्हणाला. "कारखान्यात लाकडी दस्त्याला तेल दिल्यावर दुसऱ्या बंदुकीचा दस्ता त्याला चिकटून राहिला, तेवढाच चट्टा पडला. म्हणून तर कमी भावात देतोय."

दस्त्याच्या डाव्या अंगाला तळहाताएवढा पांढुरका चट्टा होता आणि त्यातून गेलेला एक ओरखडा. मी इस्पितळाच्या लॉण्ड्रीत आहे. दिवसाला तीनेकशे चादरी माझ्या हाताखालून जातात. डाग वेगळा आणि विरलेलं कापड वेगळं, हे मला कोणी शिकवायला नको. बंदुकीला नुसता डाग होता. विरलेलं माणूस माझ्या शेजारी उभं राहून नळीतून उजेड बघत होतं.

पण मला भांडायचं होतं, आणि भांडायला हाताशी डागच होता.

"तुमची बंदूक चालवायची कुठे असते?" मी म्हटलं. "बावीस वर्षांत एक गोळी सुटली नाही. नुसती दाखवायची. मग ही असली डागी दाखवणार का दारात?"

बाण बरोबर लागला. ह्यांना दिसण्याचं भारी वेड. पट्ट्याचं बक्कल रोज घासतात, शर्टाची कड मोडली तर मला दोन दिवस ऐकवतात. ते बंदूक उलटसुलट करत राहिले. आता ठेवतील खाली, असं मला वाटलं. तेवढ्यात त्यांनी ती उजव्या खांद्याला लावली आणि आरशात बघितलं.

"हे बघ," ते म्हणाले. "उजवीकडे टाकली की डावं अंग माझ्या पाठीशी येतं. डाग कोणालाच दिसत नाही."

"आणि डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"काढीन गं दोन-तीन वर्षं कशीतरी."

घ्या. मीच आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. डागावरून नाक मुरडलं, आणि डाग झाकायला हे खांदा घालवायला निघाले. माझं डोकंच फिरलं. थकलेल्या माणसाने भांडू नये खरं तर, काय बोलतो त्याचं भान राहत नाही.

"काही नको," मी म्हटलं. "घ्यायचीच असेल तर डाव्या खांद्यावर घ्या. दिसू दे डाग. बावीस वर्षांत तुमच्याकडे बघितलंय का कोणी?"

दुकानदार उगाचच पावतीपुस्तक शोधायला लागला. ह्यांनी बंदूक डाव्या खांद्यावर घेऊन एकदा आरशात बघितलं आणि म्हणाले, "द्या बांधून."

वाटेत एक शब्द नाही. घरी आल्यावरही नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं मला.

कामावरचा पहिला दिवस मी धास्तीतच काढला. कोणीतरी हसेल, साहेब काहीतरी बोलेल. संध्याकाळी विचारलं, "काय म्हणाले लोक?"

"कोण काय म्हणणार?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की ह्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं. दाढी करताना आरशापुढे हळूच घोकत होते, "कोरीच आहे, फक्त लाकडाला चट्टा पडलाय." आणि विचारायला कोणी येत नव्हतं. आठ दिवस गेले. जेवण कमी झालं. मी दुकानात जे बोलले ते खरं ठरत चाललं होतं, आणि ते खरं ठरावं असं मला मुळीच वाटत नव्हतं. एवढं हिरमुसलेलं माणूस घरी बसवून मी करणार काय होते?

लॉण्ड्रीत घड्या घालायला एक बाई आहे, तिला आम्ही चिमणी म्हणतो. तोंडाने चुरचुरीत आहे आणि ह्यांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "जेवणाच्या सुट्टीत बँकेत जाऊन ये आणि त्या बंदुकीवाल्यांना विचार, हा डाग कसला म्हणून." ती माझ्याकडे बघत राहिली, पण गेली.

त्या संध्याकाळी हे आले ते बूट काढायच्या आधीच बोलायला लागले.

"आज एका बाईंनी विचारलं. हा डाग कसला म्हणून."

"हो का? मग?"

"मग काय, सगळं सांगितलं. तेल, दस्ता, सगळं. नीट ऐकून घेतलं त्यांनी."

जेवताना दोन घास जास्त गेले. माझा जीव भांड्यात पडला. ताटं उचलताना मी तर गाणंही गुणगुणायला लागले होते, तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या मैत्रिणीला सांग, बँकेत आल्यावर निदान स्लिप तरी भरायची. मला विचारलं आणि तशीच परत गेली."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"बाहीवर तुमच्या लॉण्ड्रीचा शिक्का होता. दारात उभा राहून मी दुसरं काय करतो? बघतच असतो." ते शर्टाची बटणं एका हाताने काढत होते. "माझ्याकडे कोणी बघत नसेल. मी सगळ्यांकडे बघतो."

"मग तिला एवढं सगळं सांगत का बसलात?"

"विचारलं ना तिने." त्यांनी शर्ट खुंटीला अडकवला. मग रागाने नाही, साधंच म्हणाले, "तू तिला पाठवलंस. तू नाही आलीस. बावीस वर्षांत एकदाही."

माझी कामाची पाळी, त्यांची वेळ, मुलीची शाळा, ही सगळी कारणं खरी होती आणि बावीस वर्षांना पुरणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. बँक आमच्यापासून चार चौकांवर आहे. पायऱ्यांच्या खालूनच डाव्या खांद्यावरचा तो पांढुरका चट्टा दिसला. खांदा उतरलेला होता, तो मी रोजच बघते. मान ताठ होती, ती मी पहिल्यांदा बघत होते. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत वर आले, तर ह्यांनी ते पोचायच्या आधीच दार उघडून धरलं. गृहस्थ मोबाइलमध्ये बघत आत गेले.

मी वर गेले. माझ्यासाठीही दार उघडलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, कामावर होते.

"अहो," मी म्हटलं, "हा डाग कसला?"

"कोरीच आहे बाई," ते म्हणाले. "फक्त लाकडाला चट्टा पडलाय."

मी आत जाऊन रांगेत उभी राहिले. काम काहीच नव्हतं. माझा नंबर येईपर्यंत तिथून दाराकडे बघत राहिले. नोकरी सोडा असं त्यानंतर मी पुन्हा म्हटलं नाही.