घंटा एकदाच दाबा

‘घंटा एकदाच दाबा’ असे स्टिकर छापून आले, तेव्हा रंजिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शिरवण्याजवळ लिफ्टचे कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीत ती प्रोग्रॅम लिहायची. गेल्या आठवड्यात नेरूळच्या एका सोसायटीत वीज गेली आणि नेमकी तिचीच पुतळाआत्या लिफ्टमध्ये अडकली. वीज गेली की लिफ्टने मिनिटभर थांबायचं, मग बॅटरीवर हळूच जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडायचं, असा नियम. आत्याला मात्र शेवटी दार फोडून काढावं लागलं. तोवर तिची शुद्ध हरपली होती. आता ती नवव्या मजल्यावरच्या घरातून खाली उतरायचं नावच काढत नाही.

दोष होता खालच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, आणि ती लिहिली होती श्यामसुंदर सरांनी. प्रोग्रॅम सिस्टिमला सांगतो, मला मिनिटभराने उठव. मध्येच घंटा वाजली, की सिस्टिम ते थांबणं मोडते आणि ‘काम अर्धवट राहिलं, परत विचार’ म्हणून हात झटकते. किती वेळ उरला होता ते तिला ठाऊक असतं, पण सांगेल तर शपथ. प्रोग्रॅम परत विचारतो, परत अख्खं मिनिट सुरू. म्हणजे आत्या जितक्यांदा मदतीसाठी घंटा दाबत होती, तितक्यांदा आपली सुटका स्वतःच लांबवत होती. आणि यावर सरांचा उपाय काय, तर स्टिकर!

ती तडक त्यांच्या केबिनमध्ये शिरली. “सर, थांबणं तुमची सिस्टिम मोडते, तर जोडायचंही तिनेच. घंटेचं काम उरकावं आणि उरलेला वेळ पुढे चालू करावा.”

“सिस्टिम साधीच हवी, रंजिता. उरलेल्या वेळाचा हिशेब तुझ्या प्रोग्रॅमने ठेवायचा.”

“प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक प्रोग्रॅमरने? कुणीतरी विसरणारच. मी विसरलेच ना!”

“आणि एखाद्या प्रोग्रॅमला थांबणं अर्धवट सोडून पुढे जायचं असलं तर?”

“तर त्याने तसं आधी सांगावं. बाकीच्यांना शिक्षा कशाला?”

सरांनी चष्मा पुसला. “मुळात तुझ्या आत्याने एवढ्यांदा घंटा दाबायची गरज काय होती?”

चोराच्या उलट्या बोंबा! रंजिताचा आवाज चढला. “आत्या काय म्हणते ऐकायचंय? ‘काळोखान मानूस बटन नाय दाबनार त काय करनार?’”

“घाबरट माणसांसाठी मी सिस्टिम बिघडवणार नाही. चल, मीच बसून दाखवतो.”

मागच्या शेडमध्ये चाचणीची लिफ्ट होती. सर ऐटीत आत शिरले. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये आल्यावर मितेश या टेक्निशियनने वीज तोडली.

घंटा वाजली. “बघ, एकदाच दाबली!” आतून आवाज आला. रंजिताने उत्तर दिलं नाही. मितेशलाही तिने खुणेने गप्प केलं. आत्यालाही कुणी उत्तर दिलं नव्हतं.

मिनिट व्हायच्या आतच घंटा पुन्हा वाजली, घाईघाईने.

“रंजिता? कुणी आहे का तिथे?”

आणि मग घंटा थांबेचना. मध्येच दारावर बुक्के बसू लागले.

“मॅडम, काढू का त्यांना? टेन्शन येतंय,” मितेश म्हणाला.

“त्यांनी घंटा सोडली की लिफ्ट आपोआप येईल. हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे?” तिला दया यायला हवी होती. आली नाही. घंटा वाजतच राहिली, तेव्हा मितेशने तिला न विचारता वीज जोडली.

सर बाहेर आले तेव्हा शर्ट घामाने चिकटला होता आणि बटण दाबून दाबून अंगठा लाल झाला होता. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. भिंतीला टेकून बराच वेळ श्वास घेतला.

“आजच बदल करायला घे,” ते हळूच म्हणाले. “थांबणं उरलेल्या वेळापासून पुढे चालू होऊ दे.”

“मी नाही,” रंजिता म्हणाली. “मोडणारी सिस्टिम तुमची आहे. जोडायचं तुम्ही. मी शेजारी बसून बघणार आहे.”